जुन्या गाडीचा ऑटो एसी बिघडला तर गॅस भरण्याआधी काय तपासावे

दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीचा एसी नीट चालेनासा झाला की मुंबईत बहुतेक ठिकाणी पहिले निदान एकच ऐकू येते : "गॅस कमी झाला असेल, भरून बघू." हाताने बटणे फिरवायच्या साध्या एसीत हे निदान पुष्कळदा बरोबर निघते. पण ज्या गाडीत तापमानाचा आकडा लावून 'ऑटो' दाबायचे असते, तिथे गॅस ही अनेक शक्यतांपैकी एक शक्यता असते आणि ती तपासण्याची पाळी शेवटी यायला हवी. माझ्या जुन्या सेडानचा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, सुरूच होत नव्हता. एका गॅरेजने असलेला गॅस काढून नवा भरला, दुसऱ्याने कॉम्प्रेसर बदलायचा अंदाज दिला, आणि दोष सापडला तो पुढच्या बंपरमागे बसवलेल्या एका लहानशा सेन्सरच्या तुटलेल्या वायरीत. त्या शोधात तपासणीचा जो क्रम हाती आला तो इथे देत आहे. यातले बरेचसे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, साध्या हत्यारांनी करता येते. जे करता येत नाही, ते कुणाकडून आणि कसे करून घ्यावे हेही पुढे येईल.

यंत्रणा कशी चालते हे आधी समजून घ्या

तुम्ही २४ अंश लावता तेव्हा डॅशबोर्डमधला कंट्रोलर आतली हवा, बाहेरची हवा, काचेतून येणारे ऊन, कूलिंग कॉइलचे तापमान आणि इंजिनच्या पाण्याचे तापमान या गोष्टी सेन्सरकडून विचारून घेतो. त्यावरून ब्लोअर किती जोरात फिरवायचा, कॉम्प्रेसर लावायचा की नाही, थंड आणि गरम हवा किती प्रमाणात मिसळायची आणि ती कोणत्या जाळीतून सोडायची, हे तो ठरवतो. म्हणजे सेन्सरने चुकीची माहिती दिली तर बाकीचे सगळे भाग धडधाकट असूनही गाडी थंड होत नाही. साध्या एसीत आणि ऑटो एसीत मुख्य फरक हाच आहे.

काय जवळ ठेवावे

कागदपत्रांपैकी गाडीचे मालक-पुस्तक, एसीच्या आधीच्या कामांची बिले आणि मिळाल्यास त्या मॉडेलचे वायरिंगचे आरेखन काढून ठेवा. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर रेडिओ कोड मागतो. तो कोड असलेले कार्ड सापडल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका. हत्यारांमध्ये साधा डिजिटल मल्टिमीटर (लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो), टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पट्टी, मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि केस वाळवायचा ड्रायर एवढे पुरते.

दोन इशारे इथेच देतो. बेसमेंटमध्ये किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना अजिबात स्पर्श करू नका.

१. तक्रार नेमक्या शब्दांत लिहून काढा

"एसी बरोबर नाही" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवा आणि काय होते ते नोंदवा. मुंबईतले रस्ते या कामाला फार उपयोगी आहेत, कारण एकाच फेरीत तुंबलेली वाहतूक आणि मोकळा रस्ता दोन्ही मिळतात. सायनच्या सिग्नलला हवा कोमट येते आणि ईस्टर्न फ्रीवेवर चढल्यावर पुन्हा थंड होते, असे असेल तर संशय पुढच्या पंख्यावर किंवा चोंदलेल्या कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, गाडीच्या पुढच्या बाजूची जाळी) जातो, कारण वेगात असताना वारा आपोआप कंडेन्सर थंड करतो. उलट, सुरुवातीला उत्तम थंडावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने जाळीतून हवाच कमी येऊ लागणे, मग एसी दहा मिनिटे बंद ठेवल्यावर ती पुन्हा भरपूर येणे, हे कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असल्याचे लक्षण आहे. तिथे कॉइलचा सेन्सर आणि फिल्टर आधी पाहावा.

एका बाजूच्या जाळीतून थंड आणि दुसऱ्या बाजूने कोमट हवा येत असेल तर थंड-गरम हवा मिसळणाऱ्या फ्लॅपचा, म्हणजे झडपेचा, दोष संभवतो. मात्र गॅस कमी असतानाही कॉइलचा एकच भाग थंड होऊन हेच लक्षण दिसू शकते, म्हणून एवढ्यावरच निष्कर्ष काढू नये. ब्लोअर फक्त पूर्ण जोरात फिरतो किंवा फिरतच नाही, ही तक्रार बहुतांशी ब्लोअरचा वेग सांभाळणाऱ्या ट्रान्झिस्टर मॉड्यूलची असते.

काही तक्रारी मुळात बिघाड नसतात. आतले तापमान लावलेल्या आकड्याजवळ आले की ब्लोअर मंदावतो, आणि चढावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की कॉम्प्रेसर क्षणभर सुटतो, हे अपेक्षितच आहे. 'एलओ' (सर्वांत कमी तापमान) लावल्यावर बऱ्याच गाड्यांत कंट्रोलर तापमान सांभाळणे सोडून देतो आणि जास्तीत जास्त थंड हवा सोडत राहतो. त्यामुळे ऑटोची परीक्षा नेहमी २४ किंवा २५ अंशांवर घ्यावी.

२. बॅटरी, फ्यूज आणि रिले

इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.५ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवेत. व्होल्टेज पडले की कंट्रोलर आणि फ्लॅपच्या मोटारी विचित्र वागतात. मग एसीचे फ्यूज पाहा, फक्त डोळ्यांनी नव्हे तर मीटरने. कॉम्प्रेसरच्या रिलेवर (त्याची वीज चालू-बंद करणारा डबीसारखा लहान स्विच) जो क्रमांक छापला आहे तोच हॉर्नच्या रिलेवर असेल तर दोन्हींची अदलाबदल करून बघा. कॉम्प्रेसर चालू झाला आणि हॉर्न बंद पडला, तर दोष सापडला.

३. हवेची वाट मोकळी आहे का ते पाहा

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. जुनी गाडी सेकंडहँड घेतली असेल तर तो काढून पाहाच. मेट्रोच्या आणि इमारतींच्या बांधकामांची धूळ ज्या रस्त्यांवर आहे, तिथे फिल्टर एका वर्षाच्या आत राखाडी नमद्यासारखा होतो. काही गाड्यांत फिल्टरची खाच असते, पण आत फिल्टरच नसतो. अशा वेळी सगळा कचरा थेट कॉइलवर जाऊन बसलेला असतो.

त्यानंतर बॉनेट उघडून वायपरखालची जाळी पाहा. पर्जन्यवृक्षाखाली किंवा गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी हे पावसाळ्याआधी करायलाच हवे, कारण बारीक पाने तिथून आत जाऊन पाण्याचा निचरा अडवतात आणि पाणी ब्लोअरपर्यंत पोहोचते. ब्लोअरमधून खडखड येत असेल तर पाने, आणि उग्र दुर्गंधी येत असेल तर उंदराचे घरटे अशी शक्यता असते. उंदीर वायरीही कुरतडतात, म्हणून घरटे सापडले तर तिथून जाणाऱ्या वायरी हाताने चाचपून शेवटपर्यंत पाहाव्यात.

एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणे चांगले लक्षण आहे. मुंबईच्या दमट हवेत ते भरपूर ठिबकते. ठिबकणे बंद झाले आणि डावीकडचा पायपोस ओला राहू लागला, तर कॉइलची ड्रेन नळी तुंबली आहे. ती खालून मऊ प्लास्टिकच्या नळीने मोकळी करावी, तारेने खुपसू नये.

४. गाडीलाच तिचा दोष विचारा

बऱ्याच ऑटो एसींमध्ये स्वतःची तपासणी करण्याची सोय दिलेली असते आणि ती वापरायला कोणतेही यंत्र लागत नाही. टोयोटाच्या अनेक जुन्या गाड्यांत 'ऑटो' आणि हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण एकत्र दाबून धरून इग्निशन चालू केले, की पॅनेलवरचे दिवे काही वेळा लुकलुकतात आणि मग कोड दिसू लागतात. त्यात ०० म्हणजे दोष नाही, ११ आतल्या हवेचा सेन्सर, १२ बाहेरच्या हवेचा, १३ कूलिंग कॉइलचा आणि २१ उन्हाचा सेन्सर. इतर कंपन्यांची बटणांची जुळणी आणि कोड वेगळे असतात. ते आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतच पाहावेत.

इथे एक सापळा आहे. ही तपासणी छताखालच्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये केली, तर उन्हाच्या सेन्सरला प्रकाशच न मिळाल्यामुळे २१ हा कोड सेन्सर चांगला असतानाही येऊ शकतो. गाडी उन्हात आणून पुन्हा पाहा. दुसरा सापळा गाडीला जोडून दोषांचे कोड वाचणाऱ्या स्वस्त ओबीडी यंत्रांचा. ती सहसा फक्त इंजिनचे कोड वाचतात, एसीचे वाचत नाहीत. "स्कॅनरमध्ये काही दोष नाही" असे कुणी सांगितले तर स्कॅनरने एसीचा कंट्रोलर उघडला होता का, एवढे अवश्य विचारा.

५. सेन्सर एकेक करून तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण ऑटो एसीचे न समजणारे बहुतेक बिघाड इथेच लपलेले असतात.

बाहेरच्या हवेचा सेन्सर पुढच्या ग्रिलमागे किंवा बंपरमागे असतो. मुंबईच्या रांगेत बंपरला लागलेला लहानसा धक्का, किंवा बंपर रंगवायला काढताना ओढली गेलेली वायर, एवढ्यानेही तो निकामी होतो. वायर तुटली की कंट्रोलरला बाहेर कडाक्याची थंडी आहे असे वाटते, आणि अशा थंडीत कॉम्प्रेसर चालवायचा नाही असे अनेक गाड्यांत ठरवून दिलेले असते. परिणामी मे महिन्यातल्या दुपारी, गॅस पूर्ण असताना, कॉम्प्रेसर लागत नाही. पडद्यावर बाहेरचे तापमान दिसत असेल तर ते आधी पाहा. उणे ४० किंवा नुसत्या रेषा दिसल्या तर गॅसवाल्याकडे जायचे कारणच नाही. माझ्या गाडीत कनेक्टर वरून शाबूत दिसत होता. तो सोडवल्यावर एका पिनेवर हिरवट भुकटी जमलेली होती आणि तिला जोडलेली वायर आवरणाच्या आत तुटून फक्त प्लास्टिकच्या आधाराने लोंबत होती. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्याचे असे होणे नेहमीचे आहे, आणि मिलन सबवे किंवा हिंदमाता परिसरात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत तर ते अधिकच आढळते.

आतल्या हवेचा सेन्सर स्टिअरिंगजवळ किंवा एसीच्या पॅनेलशेजारी, नखाएवढ्या जाळीमागे असतो. त्याच्यावरून केबिनची हवा सतत ओढली जावी म्हणून मागे एक बारीक नळी किंवा चिमुकला पंखा बसवलेला असतो. जाळीत धूळ, कापसासारखे तंतू आणि डॅशबोर्डवर लावलेल्या उदबत्तीची राख बसते. ती मऊ ब्रशने झाडून काढा. मग ब्लोअर चालू करून टिश्यू पेपरचा लहान तुकडा जाळीसमोर धरा. तो जाळीला अलगद चिकटायला हवा. चिकटत नसेल तर मागची नळी निसटलेली असू शकते. गाडीत नंतर नवी म्युझिक सिस्टिम बसवली असेल तर ही शक्यता फार मोठी आहे, कारण डॅशबोर्ड उघडताना ही नळी सुटते आणि बसवणाऱ्याला ती कशाची हे ठाऊक नसते. मग सेन्सर डॅशबोर्डच्या आतली गरम हवा मोजत राहतो आणि ऑटोवर गाडी विनाकारण गारठून जाते.

उन्हाचा सेन्सर म्हणजे समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेला लहान काळा घुमट. आपल्याकडे डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती, नॅपकिन किंवा वेलव्हेटची चादर ठेवण्याची रीत आहे. मूर्ती ठेवावी, पण या घुमटापासून बाजूला, म्हणजे उन्हात कंट्रोलरला ऊन दिसेल.

सेन्सर मोजण्याची पद्धत सोपी आहे. हवेचे आणि कॉइलचे सेन्सर तापमानानुसार विद्युत-रोध बदलतात : तापमान वाढले की ओहम कमी होतात. कनेक्टर सोडवून मीटर लावा आणि ड्रायरची कोमट हवा थोडी लांबून सोडा. आकडा सलग, न अडखळता खाली यायला हवा. तो उडी मारत असेल, अनंत दाखवत असेल किंवा हलतच नसेल, तर सेन्सर बदलावा. नेमके ओहम मॉडेलनुसार वेगळे असतात, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा प्रमाण मानू नका. सेन्सर चांगला निघाला तर कनेक्टरला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तिथून कंट्रोलरपर्यंतची वायर तपासा.

६. फ्लॅप आणि त्यांच्या मोटारी

गाडी सुरू करताच डॅशबोर्डमागून काही सेकंद टक-टक-टक असा आवाज येत असेल तर फ्लॅपच्या मोटारीतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात झिजले आहेत. खात्रीसाठी ब्लोअर मध्यम ठेवून तापमान 'एलओ'वरून 'एचआय'वर (सर्वांत जास्त) न्या आणि मधल्या जाळीत थर्मामीटर धरा. इंजिन गरम असताना हवा मिनिटभरात स्पष्ट तापायला हवी आणि परत 'एलओ'वर पुन्हा थंड व्हायला हवी. मुंबईत हीटर कुणी लावत नाही, म्हणून हा फ्लॅप वर्षानुवर्षे एकाच जागी राहून अडकतो आणि अर्धवट उघडा राहिला तर कितीही गॅस भरला तरी हीटरची उष्णता थंड हवेत मिसळत राहते. महिन्यातून एकदा, घरी पोहोचण्याआधी, दोन मिनिटे 'एचआय' लावण्याची सवय मला फार मोलाची वाटते.

मोटार बदलल्यावर किंवा बॅटरी जोडल्यावर काही गाड्यांत फ्लॅपची दोन्ही टोके कंट्रोलरला पुन्हा शिकवावी लागतात. ती पद्धत न करता नवी मोटार खराब ठरवून परत करणारे बरेच जण आहेत. जुनी मोटार कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घ्यायची असेल तर आपली मोटार सोबत न्या आणि भागावरचा क्रमांक अक्षर न अक्षर जुळवून घ्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या मोटारींची फिरण्याची दिशा वेगळी असू शकते.

७. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर

इंजिन चालू, एसी 'एलओ'वर, बॉनेट उघडे. ओढणी, सैल बाह्या आणि बोटे पट्ट्यापासून लांब ठेवा. पुढचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो. कॉम्प्रेसरच्या पुढच्या टोकाची चकती पुलीबरोबर फिरते का ते पाहा. काही युरोपीय गाड्यांत कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लचच नसतो, त्यामुळे 'टक' असा आवाज येत नाही म्हणून कॉम्प्रेसर मेला असे समजू नये. क्लच असेल आणि फिरत नसेल तर त्याच्या वायरीवर १२ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील तर दोष क्लचमध्ये, येत नसतील तर मागे सांगितलेल्या सेन्सरपासून प्रेशर स्विचपर्यंत (गॅसचा दाब योग्य नसेल तर कॉम्प्रेसर बंद ठेवणारा स्विच) कुठेतरी.

प्रेशर स्विचला वायर लावून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालू करण्याची युक्ती कुणी सुचवली तर ठाम नकार द्या. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसताना तो चालवला की कोरडा घासून जाम होतो आणि लहान खर्चाचे काम मोठे होऊन बसते.

कंडेन्सर समोरून साध्या नळाच्या पाण्याने धुवा. जोरदार प्रेशर पंपाने त्याच्या पातळ पात्या वाकतात. पंखा एसी लावल्यावर काही वेळातच फिरायला हवा.

८. आता गॅस

इथपर्यंत सगळे ठीक निघाले तरच गॅसकडे या. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो लक्षणीय कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस काही आठवड्यांत जातो.

मीटर लावून "गॅस बरोबर आहे" असे सांगितले जाते त्यावर पूर्ण विसंबू नका. आर-१३४ए हा गॅस असलेली यंत्रणा बंद असताना तिच्यातला दाब बाहेरच्या तापमानावर अवलंबून असतो. ३० अंशांना तो सुमारे ९७ पीएसआय दिसतो, आणि आत थोडासा द्रव शिल्लक असेल तोपर्यंत, गॅस अर्धा असला तरी, तो तेवढाच दिसतो. किती गॅस आहे हे फक्त तो काढून वजन केल्यावरच कळते. किती हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते. मध्यम आकाराच्या गाडीत ते बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असते.

एसीवाल्याकडून काम करून घेताना हा क्रम आग्रहाने सांगा : आधी असलेला गॅस मशीनने काढून त्याचे वजन, मग नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळतीचा शोध, गळती दुरुस्त केल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम आणि तो टिकतो का याची तपासणी, आणि शेवटी वजन करून गॅस. यंत्रणा उघडी राहिली असेल तर एसीतला ओलावा शोषणारा ड्रायरही बदलून घ्या, कारण मुंबईच्या हवेतली आर्द्रता आत शिरली की तेल खराब होते. गळती बुजवणारे डबे घालू देऊ नका. त्यांनी व्हॉल्व्ह तुंबतो. स्वस्त म्हणून एलपीजीसारखा ज्वालाग्राही गॅस भरणेही धोक्याचे आहे.

९. काम झाल्यावर

गाडी तासभर उन्हात ठेवून मग इंजिन सुरू करा, आतली हवा फिरवण्याचे बटण लावा आणि मधल्या जाळीत थर्मामीटर ठेवून मोकळ्या रस्त्याने पंधरा मिनिटे चालवा. दमट दिवशी जाळीतले तापमान साधारण ८ ते १२ अंशांपर्यंत उतरले तर काम चांगले झाले आहे. त्यानंतर २४ वर ऑटो लावून ब्लोअर आपणहून मंदावतो का ते पाहा.

पावसाळ्यात काच धुरकट झाली तर ती आतून झाली की बाहेरून, हे बोट फिरवून पाहा. बाहेरून असेल तर काच जास्त थंड झाली आहे. काचेवर जाणारी हवा बंद करा, तापमान वाढवा आणि वायपर फिरवा. आतून असेल तर समोरच्या काचेचे डीफ्रॉस्ट बटण लावा. बहुतेक ऑटो एसीत त्याबरोबर कॉम्प्रेसर आणि बाहेरची हवा आपोआप सुरू होते.

बिलावर काढलेला गॅस, भरलेला गॅस आणि घातलेले तेल यांचे आकडे, बदललेल्या भागांचे क्रमांक आणि गाडीचे किलोमीटर लिहून घ्या. धडक बसून कंडेन्सर फुटला असेल तर त्याचे फोटो दुरुस्तीआधी काढून विमा कंपनीला कळवा. अपघाताचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसते, पण सेन्सर किंवा मोटार आपोआप बिघडणे हा यांत्रिक वा विद्युत बिघाड धरला जातो आणि त्याचा खर्च तुम्हालाच करावा लागतो.